फुलपाखरं आणि मधमाश्यांसाठी देशी बाग : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून ३० फूट लांब आणि १२ फूट रुंद असा एक पट्टा आहे. बांधकामाचा सगळा राडारोडा तिथेच पडून होता. सहा वर्षांपूर्वी आम्ही तिघा-चौघांनी तो उपसला आणि आपल्याच भागातली झाडंझुडपं लावली. तेव्हापासून दर जूनमध्ये तेच ते प्रश्न येतात. कुणी जिन्यात थांबवून विचारतं, कुणी व्हॉट्सॲपवर कुंडीचा फोटो टाकतं. एकेकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथे एकदा लिहून ठेवते. उत्तरं मुख्यतः देशावरच्या कोरड्या हवेची आहेत. कोकणात जिथे फरक पडतो, तिथे तसं म्हटलंय.

फुलपाखरं यावीत म्हणून कुठली फुलं लावू?

प्रश्न अर्धा आहे. फूल म्हणजे फुलपाखराची वाटेवरची खानावळ, घटकाभर टेकून पुढे जायची. बाळंतपणाला मात्र ते माहेरीच जातं, आणि हे माहेर म्हणजे पान. प्रत्येक जातीची मादी ठरावीक झाडांच्याच पानांवर अंडी घालते, कारण अळीला दुसरं काही खाता येत नाही. म्हणून आधी ही खाद्यझाडं लावा, फुलांचं नंतर बघू.

सुरुवात घरातूनच करता येते. कडीपत्ता आणि लिंबावर लिंबाळी (लाइम बटरफ्लाय) आणि कॉमन मॉरमॉन वाढतात. २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉरमॉनही याच लिंबाच्या कुळातलं गिऱ्हाईक आहे. रुईवर प्लेन टायगर येतं, बहावा आणि टाकळ्यावर कॉमन एमिग्रंट, बोरीवर कॉमन पियरो. सोसायट्यांच्या कडेने रांगेत उभा असतो तो खोटा अशोक आणि दारातला सोनचाफा यांच्यावर हिरव्या ठिपक्यांचं चपळ टेल्ड जे. आंब्याच्या पानावर कॉमन बॅरनची अळी असते. ती मधल्या शिरेला लागून अशी पसरून बसते की हातात पान घेऊनही दिसत नाही. कण्हेरीवर कॉमन क्रो वाढतं. त्याचा चांदीचा मुलामा दिल्यासारखा लखलखीत कोष पानाखाली लटकलेला दिसला, की घरात सगळ्यांना हाका मारून दाखवावासा वाटतो.

गणपतीच्या पत्रीची यादी एकदा या नजरेने वाचा. रुई, बेल, बोर, कण्हेर, हादगा, आघाडा, धोत्रा, शमी. बागेची अर्धी यादी आजीने आधीच करून ठेवली आहे.

पण अळ्यांनी पानं खाल्ली तर झाड मरेल ना?

नाही मरत. पहिल्या वर्षी मीही घाबरले होते. सासूबाई फोडणीसाठी कडीपत्ता तोडायला गेल्या आणि "अगं, पक्ष्याने घाण केलीय पानावर" म्हणत परत आल्या. जवळ जाऊन बघितलं तर ती घाण हळूच सरकली. लिंबाळीची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळपट तपकिरी आणि मध्ये पांढरा पट्टा. पुढे कात टाकून ती हिरवी होते. बोट लावलं की डोक्यामागून लालसर-नारिंगी दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुंगी-कोळ्याला पळवून लावायची ही तिची युक्ती.

त्या झाडाला चारच पानं उरली. आम्ही तीन आठवडे फोडणीचा कडीपत्ता भाजीवाल्याकडून आणला. पाऊस होता, झाडाला नवी पालवी फुटली आणि ते पहिल्यापेक्षा दाट झालं. बागेत एकही पान खाल्लेलं नसेल, तर ती बाग कुणाचंच पोट भरत नाही. अगदी लहान रोपावर आठ-दहा अळ्या आल्या, तर काही उचलून त्याच जातीच्या मोठ्या झाडावर सोडा. दुसऱ्या जातीच्या झाडावर सोडल्यात तर उपाशी मरतील.

आणि सगळ्या अळ्यांची फुलपाखरं होतील अशी आशा धरू नका. बऱ्याच अळ्या पक्षी, कोळी, गांधीलमाश्या खातात. दयाळ पक्ष्याची पिल्लं काय वरण-भातावर वाढतात का?

'देशी' म्हणजे नक्की काय? सोवळं किती पाळायचं?

माणसाने आणून न लावता जी वनस्पती या भागात पूर्वीपासून वाढते, ती इथली. या व्याख्येने मिरची, पेरू, झेंडू, सदाफुली सगळे पाहुणे ठरतात. चिंचसुद्धा मूळची आफ्रिकेतली, आणि तरी तिच्यावर ब्लॅक राजा वाढतं. पानफुटी मादागास्करची, पण रेड पियरो तिच्या जाड पानाच्या आत शिरून ते पोखरून खातं. रस्त्याकडेची एकदांडी, म्हणजे दगडी पाला, अमेरिकेतून आली. भर उन्हात तिच्यावर जितकी छोटी फुलपाखरं दिसतात तितकी महागड्या बागेतही दिसत नाहीत.

म्हणून मी सोवळं पाळत नाही. दोनच गोष्टी बघते. नवीन लावायचं ते शक्यतो इथलं, आणि पसरून बाकीच्यांना गिळणारं काही लावायचं नाही. शोभेचं डबल फूल टाळा. गच्च पाकळ्यांच्या झेंडूत किंवा डेलियात कीटकाला मकरंदापर्यंत वाटच नसते. एकेरी पाकळ्यांची जुनी जात मिळाली तर ती घ्या.

घाणेरीवर ढिगाने फुलपाखरं येतात. मग ती लावली तर काय बिघडलं?

येतात खरी. पण घाणेरी दक्षिण आणि मध्य अमेरिकेतून शोभेचं झुडूप म्हणून आली आणि आज आपल्या जंगलांत तिने मैलोनमैल जागा अडवली आहे. तिच्याखाली गवत येत नाही, गुरं तिला तोंड लावत नाहीत, पक्षी तिची फळं खाऊन बी लांबवर नेतात. तुमच्या कुंपणातली घाणेरी कुंपणात राहत नाही. मोकळ्या जागेत आधीपासून असेल तर एकदम उपटू नका. शेजारी धायटी, पेंडगुळ, कोरांटी लावा, ती फुलायला लागली की घाणेरी काढा. रानमोडीचंही तेच.

नर्सरीत 'वाइल्डफ्लॉवर मिक्स'चं पाकीट मिळतं, ते चालेल का?

मी एक आणलं होतं. वर रानफुलांचं चित्र, आत बहुतेक कॉसमॉस आणि झिनिया. दोन्ही मेक्सिकोकडची. पहिल्या ऑक्टोबरला पट्टा नारिंगी झाला, सगळ्यांनी फोटो काढले, मलाही बरं वाटलं. दुसऱ्या वर्षी तेरड्याच्या जागी कॉसमॉस होता, तिसऱ्या वर्षी भिंतीपलीकडे. पुण्याच्या टेकड्या पावसाळा संपता संपता पिवळ्या-नारिंगी झालेल्या दिसतात ना, त्यातला बराचसा हाच पिवळा कॉसमॉस आहे. लोक त्याला 'पुण्याचं कास' म्हणत सेल्फी काढतात आणि त्याखाली इथलं गवत आणि तेरडा दबत जातो. आम्हाला तो उपटायला दोन पावसाळे लागले. पाकिटावर प्रत्येक जातीचं नाव लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

जागा नाही, फक्त बाल्कनी आहे.

पुरेशी आहे. कडीपत्ता मोठ्या कुंडीत किंवा जुन्या ड्रममध्ये, लिंबू दुसऱ्या, तिसरीत कोरांटी, एका पसरट कुंडीत पानफुटी आणि कडेला घोळ. घोळ उपटून भाजी करता ती करा, पण थोडी राहू द्या. डॅनेड एगफ्लाय नावाचं देखणं फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं. तुळस घरात असणारच. तिच्या मंजिऱ्या आपण खुडतो, म्हणजे पानं भरगच्च येतात. एका तुळशीच्या खुडा आणि दुसरीच्या राहू द्या. हिवाळ्यात सकाळी दहाच्या सुमारास त्या मंजिऱ्यांवर फुलोरी माश्यांची गर्दी बघायला मिळेल.

उन्हाची बाजू हवी. दिवसाचं चार तास तरी ऊन नसेल तर झाडं जगतील, पण फुलपाखरं फिरकणार नाहीत. त्यांना उडण्याआधी अंग तापवावं लागतं.

मधमाश्या चावतील का? घरात लहान मुलं आहेत.

फुलावर बसलेली माशी तिच्या कामात असते, तिला तुमच्यात रस नसतो. चावते ती पोळं राखणारी. आपल्याकडे आग्या, सातेरी, फुलोरी आणि डंख नसलेली इवली पोया माशी अशा चार प्रकारच्या मधमाश्या आहेत, आणि पाचवी बाहेरून आणलेली, पेटीतली मेलिफेरा. भीती धरायची ती आग्याची. तिचं मोहोळ उंच इमारतीच्या सज्जाखाली, पाण्याच्या टाकीला, मोठ्या झाडाच्या आडव्या फांदीला उघड्यावर लटकतं. बागेत फुलं लावली म्हणून ते तुमच्या खिडकीला लागत नाही, उंच आणि निवांत जागा मिळाली म्हणून लागतं.

लागलंच तर धूर करू नका, दगड मारू नका, रात्री फवारा मारायला माणूस बोलावू नका. आग्या हंगामी पाहुणी आहे. फुलोरा संपला की आपणहून उठून जाते. खिडकीच्या अगदी तोंडाशीच असेल तर मोहोळ न जाळता हलवणारी प्रशिक्षित माणसं असतात, त्यांना बोलवा. माशी चावली तर काटा नखाने लगेच खरवडून काढा. श्वास लागला, चेहरा सुजला किंवा एकाच वेळी खूप डंख झाले, तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठा.

मधाची पेटी ठेवली तर परागीभवनाला मदत होईल ना?

मध हवा असेल तर पेटी जरूर ठेवा. पुण्यात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, आणि त्याच तालुक्यातलं मांघर हे २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' ठरलं. तिथे डोंगरभर जांभूळ, हिरडा, गेळा आणि सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी आहे. माश्यांना तिथे खायला आहे.

सोसायटीत आधी फुलं हवीत, पेटी मग. उलटं केलंत तर एका पेटीतल्या हजारो माश्या आहे तेवढा मकरंद उचलतील आणि बाकीच्यांना काही उरणार नाही. हे 'बाकीचे' कोण, ते पुढच्या उत्तरात.

म्हणजे पोळं न करणाऱ्याही मधमाश्या असतात?

त्याच जास्त असतात. जगातल्या बहुतेक माश्या एकट्या राहतात. ना राणी, ना पोळं, ना साठवलेला मध. त्यातल्या बऱ्याच जमिनीत बिळं करून राहतात.

तुमच्या गुलाबाच्या पानांना कडेने कात्रीने कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसलेत का? कीड म्हणून औषध मारू नका. ही पानकापी माशी. ती पानाच्या कडेला बसते, जबड्याने गोल कापत जाते आणि तुकडा पोटाखाली वळकटीसारखा धरून उडते. पोकळ काडीत किंवा भिंतीच्या भोकात त्या तुकड्यांच्या नळकांड्या करून प्रत्येकीत परागाचा गोळा आणि एक अंडं ठेवते. आमच्या गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या पाइपात तिने संसार थाटला होता. मी दोन महिने त्या बाजूला कपडे घातले नाहीत. घरच्यांचं म्हणणं असं की माझं डोकं फिरलंय.

काळा मोठा भुंगा वाळक्या लाकडात आणि बांबूत भोक पाडतो. अंगावर निळे पट्टे असलेली छोटी माशी कच्च्या मातीच्या भिंतीत किंवा जमिनीत राहते. या दोघांकडे एक हुन्नर आहे. वांगी आणि टोमॅटोच्या फुलातला पराग मिठाच्या डबीसारख्या बारीक भोकातून बाहेर पडतो, तो झाडावा लागतो. भुंगा फुलाला घट्ट धरतो, पंख न हलवता अंगातले स्नायू थरथरवतो आणि पराग खाली सांडतो. बारीक 'झ्झ' असा आवाज येतो. पेटीतल्या मधमाशीला हे जमत नाही. टाकळा आणि देशावरच्या तरवडाची फुलंही अशीच झाडावी लागतात.

यांच्यासाठी करायचं काय? हातभर जमीन उघडी सोडा. सगळीकडे पेव्हर ब्लॉक, लॉन किंवा पालापाचोळ्याचा जाड थर नको. वाळका बांबू, शेवग्याची जुनी फांदी कोपऱ्यात पडू द्या. विकतची रंगीत 'बी हॉटेलं' मी तरी घेतलेली नाहीत.

कीड पडली तर फवारणी करायची की नाही? सेंद्रिय चालेल ना?

'सेंद्रिय' म्हणजे निरुपद्रवी नव्हे. कडुनिंबाचा अर्क अळीची वाढ थांबवतो, मग ती अळी कोबीवरची असो की लिंबाळीची. बीटी ही जिवाणूपासून केलेली पावडरही फुलपाखरं-पतंगांच्या अळ्याच मारते. खाद्यझाडांवर काहीही मारू नका. माव्यासाठी पाण्याचा जोराचा फवारा आणि थोडा धीर पुरतो, लेडीबर्ड भुंगेरे मागोमाग येतात. मारायचंच असेल तर फक्त त्या फांदीवर, सूर्यास्तानंतर, आणि फुलावर कधीच नाही.

नर्सरीतून रोप आणताना विचारा की त्याला इमिडाक्लोप्रिडसारखं काही दिलंय का. हे औषध झाडाच्या रसात भिनतं आणि मकरंद-परागात उतरतं. युरोपीय संघाने २०१८ मध्ये अशा तीन औषधांचा उघड्यावरचा वापर बंद केला, तो मधमाश्यांसाठीच. उत्तर मिळालं नाही तर नवीन रोपाची पहिली फुलं खुडून टाका.

कारली, भोपळ्याला फुलं खूप, पण फळ धरत नाही. कशामुळे?

वेलवर्गात नर फूल आणि मादी फूल वेगळं असतं. मादी फुलामागे इवलंसं कारलं किंवा भोपळा आधीच दिसतो. नराचा पराग तिच्यापर्यंत कुणी नेला नाही तर ते पिवळं पडून गळतं. आता वेळ बघा. लाल भोपळा पहाटे उमलतो आणि दुपारच्या आत मिटतो. घोसाळीही सकाळचीच. पण दोडका संध्याकाळी उमलतो, दुधीची पांढरी फुलंही संध्याकाळी, आणि पडवळाची झालरीची फुलं रात्री. त्यांच्याकडे येतात ते पतंग. म्हणजे रात्रभर फ्लडलाइट लावलेल्या बागेत दुधी धरला नाही तर नवल नाही. बागेचे दिवे रात्री बंद करा, नसेल जमत तर पिवळसर आणि खाली वळलेले लावा.

तोवर नर फूल तोडून मादी फुलावर अलगद टेकवायचं. आमच्या इथले एक काका रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन दुधीची लग्नं लावतात.

वर्षभर काही ना काही फुलत राहावं म्हणून काय लावू?

शिशिर सरता सरता पळस, पांगारा, काटेसावर आणि धायटी. धायटी झुडूप आहे, लहान जागेतही बसते आणि शिंजीर पक्षी तिच्यावर तुटून पडतात. उन्हाळ्यात करंज आणि बहावा. पावसात तेरडा, टाकळा, कळलावी (मुळापासून बीपर्यंत विषारी, मुलांना सांगून ठेवा). गणपतीच्या पुढेमागे सोनकी, तुंबा म्हणजे द्रोणपुष्पी, खुळखुळा. थंडीत कोरांटी, अडुळसा, तुळस. निर्गुडी जवळपास वर्षभर थोडी थोडी फुलते आणि शेळ्यासुद्धा तिला सोडून देतात.

एक गंमत म्हणजे मधमाश्यांची उपासमार उन्हाळ्यात नव्हे, भर पावसाळ्यात होते. सह्याद्रीतले मधपाळ तेव्हा पेट्यांना साखरेचा पाक देतात. जून ते ऑगस्टमध्ये फुलणारं जे काही लावाल ते दुप्पट उपयोगाचं.

खुळखुळा वाळल्यावर उपटायची घाई करू नका. प्लेन टायगर, ब्लू टायगर यांचे नर त्या वाळक्या काड्या-शेंगा पायांनी खरवडून रस शोषतात. त्यातल्या द्रव्यापासून ते मादीला भुलवणारा गंध बनवतात. एका दुपारी एकाच वाळक्या झुडपावर मी अकरा मोजली होती. माळीबुवांनी तेच झुडूप 'मेलेलं' म्हणून दुसऱ्या दिवशी काढून टाकलं.

थोडी मोठी मोकळी जागा आहे, गुंठा-दोन गुंठे. तिथे झाडं लावावीत का?

आधी तिथे काय आहे ते एक पावसाळा बघा. पुणे, सोलापूर, नगर, सातारा या पट्ट्यात अशी जागा बहुधा माळ असते. सरकारी कागदावर त्याला पडीक म्हणायची सवय ब्रिटिशांच्या काळापासूनची. म्हणून दर जुलैत कुणीतरी खड्डे खणून तिथे गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावतं आणि फोटो काढून जातं. माळ ही अर्धवट राहिलेली जंगलाची अवस्था नव्हे. माळढोक पक्षी, लांडगा, चिंकारा हे गवताचे रहिवासी आहेत. तसेच गवतावर वाढणारी ब्राऊन आणि स्किपर जातीची फुलपाखरंही.

तर माळाचा तुकडा माळच ठेवा. जूनपूर्वी गाजरगवत मुळासकट उपटा, फुलायच्या आत आणि हातमोजे घालून. त्याने कातडीला खाज आणि काहींना दमा होतो. हे अमेरिकन गवत १९५०च्या दशकात भारतात प्रथम पुण्यातच नोंदलं गेलं, तेव्हा ते निपटायचं कामही आपल्याकडेच आलं असं समजा. खत अजिबात घालू नका. गवत आणि रानफुलं हलक्या मुरमाड जमिनीची आहेत, खताने फक्त तण माजतं. मारवेल चाऱ्याचं गवत असल्याने त्याची ठोंबं शेतकऱ्यांकडे सहज मिळतात. पवन्या आणि कुसळीचं बी डोंगरउतारावरून दिवाळीच्या सुमारास आणता येतं. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की गवताचं आणि फुलांचं बी बारीक वाळूत मिसळून फेका आणि वरून चालत जा. माती टाकून पुरायचं नाही.

पहिलं वर्ष निराशेचं असतं. गवत खाली मुळं करतं, वर काही दिसत नाही, आणि शेजारी विचारतात की हे असंच ठेवणार का. दुसऱ्या पावसाळ्यात तेरडा आणि टाकळा आपणहून येतो. कापणी वर्षातून एकदा, बी झडल्यावर, दिवाळीनंतर. जुन्या कुरणांत होते तशीच, फक्त वीतभर उंचीवर, आणि दरवर्षी एक तृतीयांश भाग न कापता सोडायचा. काड्यांना कोष चिकटलेले असतात. पेटवायचं तर मुळीच नाही.

बिया, रोपं कुठून मिळतील? कासहून आणता येतील का?

कासहून काडीही आणू नका. ८५०हून अधिक फुलझाडांचं ते पठार पश्चिम घाटाच्या इतर भागांबरोबर २०१२ पासून जागतिक वारसा आहे. आणि तिथली सीतेची आसवं किंवा गेंद तुमच्या कुंडीत जगणारही नाहीत. ती कातळावरच्या इंचभर मातीची आणि धुक्याची झाडं आहेत.

बाकी पुष्कळ वाटा आहेत. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत बहावा, करंज, पळस स्वस्तात मिळतात. रुई, टाकळा, तुंबा, खुळखुळा रस्त्याच्या कडेला, पडक्या प्लॉटवर आहेत. पालिकेची जेसीबी फिरण्याआधी बी गोळा करा. दहा शेंगा असतील तर एक घ्या. तेरड्याचं बोंड हात लावताच फुटतं, म्हणून आधी त्याभोवती मूठ करायची. कोकणात गौरीसाठी तेरडा मुळासकट आणतात. विसर्जनानंतर त्यातलं बी झटकून ठेवा. बी कागदाच्या पुडीत, नाव आणि तारीख घालून. बहाव्याचं बी टणक असतं, त्याला खरखरीत फरशीवर एका बाजूने घासा आणि रात्रभर भिजवा, नाहीतर वर्ष गेलं तरी उगवायचं नाही.

एवढी झाडी ठेवली तर साप आणि डास होतील.

साप उंदरांच्या मागे येतो, आणि उंदीर उघड्या कचऱ्यावर वाढतात. आधी कचराकुंडी बघा. पायवाट रुंद ठेवा, विटांचे ढीग नकोत, रात्री बॅटरी घेऊन जा. डासांना साचलेलं पाणी लागतं, झुडूप नाही. फुलपाखरांसाठी पसरट थाळीत वाळू, खडे आणि चिमूटभर माती घालून ती ओली ठेवा. नर त्यावर बसून क्षार शोषतात. पाणी वर तरंगू द्यायचं नाही, मग डास कुठून होणार?

कमिटीला हे 'जंगल' वाटतं. काय करू?

काठ नीट करा. खरंच, एवढंच. मधला भाग कितीही रानटी असू द्या, पण कडेला विटांची सरळ रांग आणि कापलेली हातभर पट्टी असली की बघणाऱ्याला कळतं की हे मुद्दाम राखलंय. मग एक पाटी लावा, झाडांच्या नावांची. आमच्याकडे पाटी लागल्यावर तक्रारी निम्म्या झाल्या. उरलेल्या निम्म्या एकाच मजल्यावरून येतात.

आणि मुलांना अळीचा कोष होताना दाखवा. ज्यांच्या पोराने कोष बघितला, त्या घरातून पुढच्या सभेत विरोध होत नाही.

शेताच्या बांधावर काय करता येईल?

बांध पेटवू नका आणि तणनाशक बांधापर्यंत नेऊ नका. निर्गुडी, करंज, बोर, तरवड, शेवगा असेल ते राहू द्या. कांद्याचे डेंगळे धरणाऱ्यांना हे सांगायला नको. माश्या आल्या नाहीत तर गोंड्यात बी भरत नाही, हे त्यांनी स्वतःच्या पैशाने शिकलंय. पीक फुलात असताना फवारणी करायचीच झाली तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर.

वडा-उंबराला तर फुलंच नसतात. ती लावून उपयोग?

'उंबराचं फूल' आपण दुर्मिळाला म्हणतो, पण फुलं शेकड्याने असतात, फळाच्या आत. डोळ्याला जेमतेम दिसणारी गांधीलमाशी टोकाच्या भोकातून आत शिरते, अंडी घालते आणि आपल्यासोबत आणलेला पराग देते. तिच्याशिवाय उंबराला बी नाही आणि उंबराशिवाय तिला घर नाही. जागा असेल तर जरूर लावा, मात्र इमारतीपासून लांब.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे रुई लावता येईल का?

तिथे रुई नको, तिथलं माहेर शोधा. आपल्या प्लेन टायगरचं भावंड शोभेल असं मोनार्क तुमच्याकडे आहे, आणि त्याच्या अळीला मिल्कवीड लागतं. रुईसारखंच चिकाचं झाड. त्या राज्यातलं मूळचं मिल्कवीड घ्या, बी थंडीच्या आधी पेरा. बर्फाखालून गेल्याशिवाय ते नीट रुजत नाही. भारतातल्या नर्सरीत मिल्कवीड म्हणून मिळतं ते लाल-पिवळं हळदीकुंकू अमेरिकेच्या उष्ण भागातलं आहे. (हळदीकुंकू हे आपल्याकडे कॉमन जेझबेल फुलपाखराचंही नाव आहे. त्याची अळी बांडगुळावर वाढते, म्हणून आंब्यावरचं प्रत्येक बांडगूळ काढू नका.)

लावल्यापासून किती दिवसांत फुलपाखरं येतात?

लिंबू-कडीपत्त्यावर पहिल्याच पावसाळ्यात. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण महिना लागतो. हरणदोडीचा वेल आम्ही लावला तेव्हा ब्लू टायगरसाठी तीन वर्षं थांबलो. दर सप्टेंबरला 'बिग बटरफ्लाय मंथ'मध्ये देशभर लोक मोजणी करतात, तेव्हा आम्हीही वही घेऊन बसतो. पहिल्या वर्षी त्या पट्ट्यावर सहा जाती होत्या, मागच्या सप्टेंबरला एकतीस. बत्तिसावं झटकन बोगनवेलीमागे गेलं. काका म्हणतात ते क्रिमसन रोज होतं. मी वहीत लिहिलेलं नाही. भिंतीपाशी त्याच्या अळीचं माहेर, सापसंदाचा वेल लावलाय, यंदा त्याला सात पानं आहेत.